साडेचार लाख भरण्याआधी

पत्र:

ताई, मी फोंड्याची. पणजीला आल्तिनोवरच्या गोवा कला महाविद्यालयात अप्लाइड आर्टच्या शेवटच्या वर्षाला आहे. भाऊ गेम खेळतो तेव्हा मी मागे बसून त्यातल्या भिंती, झाडं, उजेड बघत असते. गेल्या वर्षी यूट्यूबवर बघून ब्लेंडर हे थ्रीडी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर शिकले. आता मला गेम आर्ट आणि डिझाइन नीट शिकायचंय. बंगळूरच्या एका खासगी संस्थेचा वर्षभराचा कोर्स आहे. फी साडेचार लाख, राहण्या-जेवणाचा खर्च वेगळा. ‘इंडस्ट्रीतले अनुभवी लोक शिकवतात, शंभर टक्के प्लेसमेंट’ असं ते सांगतात आणि महिनाअखेरपर्यंत पंचवीस हजार भरून सीट राखून ठेवा म्हणतात. बाबा एफडी मोडायला तयार आहेत, पण गेम म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर पैसे लावायचे मोबाइलवरचे खेळ येतात. आई म्हणते, शाळेत ड्रॉइंग टीचरच्या जागा निघतात, तिकडे बघ. दुसरा मार्ग म्हणजे एखाद्या अनुभवी आर्टिस्टकडे ऑनलाइन शिकणं. मी काय करू? आमच्या जुन्या घराचं मी केलेलं मॉडेल सोबत पाठवतेय. लॅपटॉप कोणता घ्यावा तेही सांगा.
– चित्रवेडी, फोंडा

उत्तर:

प्रिय चित्रवेडी,

पंचवीस हजार आत्ता भरू नकोस. महिनाअखेर ही तारीख त्यांच्या सोयीची आहे, तुझ्या नाही. कोर्स चांगला असेल तर पुढच्या बॅचलाही तो तितकाच चांगला असेल, आणि तोवर तुझी डिग्रीही हातात आलेली असेल. परीक्षा तोंडावर असताना घरातल्या सगळ्यांनी घाईघाईत एफडी मोडायचा निर्णय घ्यावा, असं त्यात काही नाही.

बाबांची धाकधूक मात्र मनावर घे. त्यांना शांतपणे सांग, की पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून बंदी आणली. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्स आणि शिकण्या-करमणुकीच्या खेळांना प्रोत्साहन द्यायचं म्हटलंय. तू ज्या कामाबद्दल लिहितेस ते चित्रकाराचं, शिल्पकाराचं आणि थोडं गवंड्याचं काम आहे. बंगळूरला ध्रुव इंटरॅक्टिव्ह हा स्टुडिओ १९९७ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून आपल्या देशातले आर्टिस्ट परदेशी गेमसाठी गाड्या, इमारती, हत्यारं, झाडं बनवत आलेत. पुण्यात युबिसॉफ्टचा स्टुडिओ २००८ पासून आहे. बाबांना ही नावं आणि ही वर्षं सांग. हा धंदा कालचा नाही आणि त्याचा जुगाराशी संबंध नाही, एवढं त्यांना कळलं की पुढचं बोलणं सोपं होईल.

आता तुझं मॉडेल. पत्रापेक्षा मी त्याच्याकडेच जास्त वेळ बघत बसले होते, कारण तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे.

घर सुरेख उभं केलंयस. पुढचा सोपो म्हणजे ओसरी, गिलावा सुटून उघडी पडलेली जांभ्या चिऱ्यांची भिंत, नळ्यांचं छप्पर, अंगणातलं तुळशीवृंदावन. प्रमाणाची जाण तुझ्या हातात आहे हे लगेच दिसतं. फक्त सोप्यावर चढायची पायरी जरा उंच झालीय. मॉडेलशेजारी माणसाच्या उंचीचा एक पुतळा कायम उभा ठेवत जा, म्हणजे असं होणार नाही.

छपरावर प्रत्येक नळा तू वेगळा घडवलास. वायरफ्रेमच्या, म्हणजे नुसती जाळी दाखवणाऱ्या चित्रात खाली आकडा दिसतोय, एकट्या छपराचेच लाखो ट्रायँगल (ज्या त्रिकोणांनी मॉडेल बनतं ते) झालेत. स्थिर चित्रासाठी हे चालून जातं. गेममध्ये सेकंदाला साठ चित्रं दाखवायची असतील तर एका चित्राला जेमतेम साडेसोळा मिलिसेकंद मिळतात, आणि तेवढ्यात सगळं गाव, माणसं, पाऊस, सावल्या उरकायच्या असतात. तुझं छप्परच त्यातला मोठा घास घेईल. मग काय करायचं? नळ्याची गोलाई आकाशाच्या रेषेवर कळते ती आढ्यावर आणि वळचणीला. तिथे खरी जाळी ठेव. मधल्या पाख्यावर नॉर्मल मॅप, म्हणजे सपाट भागावर उंचसखलपणाचा भास देणारं चित्र, पुरतो. नळ्यांचे तीन-चारच नमुने बनव आणि तेच फिरवून, पुढेमागे सरकवून मांड. लांबून दिसायची आवृत्ती आणखी हलकी कर.

भिंतीतली गंमत वेगळी आहे. चिऱ्याला बारीक खड्डे असतात, तुझ्या चित्रात मात्र भिंतीला फोड आल्यासारखे दिसतात. तू नॉर्मल मॅप ब्लेंडरमध्ये बेक केलास, म्हणजे मॉडेलवरून काढून घेतलास, आणि अनरिअल या गेम चालवणाऱ्या इंजिनमध्ये नेलास, हो ना? ब्लेंडर तो ओपनजीएलच्या पद्धतीने काढतं, अनरिअलला डायरेक्टएक्सच्या पद्धतीचा लागतो. नॉर्मल मॅपच्या हिरव्या चॅनेलमध्ये वर-खालची दिशा साठवलेली असते, आणि या दोन पद्धतींत ती एकमेकींच्या उलट असते. अनरिअलमध्ये ते टेक्स्चर उघड, हिरवा चॅनेल उलटा करायची खूण तिथेच आहे, ती कर. खड्डे परत खड्डे होतील.

वळचणीखालची सावली तू भिंतीच्या रंगातच रंगवलीस. कागदावरच्या जलरंगातून आलेली ही सवय आहे आणि कागदावर ती बरोबरच आहे. इथे उजेड इंजिन पाडतं. गेममधला सूर्य पश्चिमेला कलला तरी तुझी रंगवलेली सावली जागची हलणार नाही, आणि बघणाऱ्याला काहीतरी खटकत राहील. मूळ रंगात फक्त रंग ठेव. हातानं रंगवलेल्या शैलीचे गेमही असतात, त्यांत उजेड मुद्दाम रंगवतात, पण मग सगळं जग तसंच रंगवावं लागतं. तुझं घर दोन्हींच्या मध्ये अडकलंय.

आणि शेवाळ. ते तू सगळ्या भिंतीवर सारखं पसरलंस. पुढच्या पावसात छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मार. पागोळ्या जिथे पडतात तिथे जमिनीलगत भिंतीवर चिखलाचे शिंतोडे उडून एक पट्टा तयार होतो, शेवाळ त्याच पट्ट्यात दाट असतं. नळा फुटलाय तिथून एक काळा ओघळ थेट खाली येतो. सोप्याच्या आतल्या भिंतीवर काहीच नसतं. पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कुठे लवकर सुकतं, यावर भिंतीचा रंग ठरतो. भिजलेला चिरा नुसता गडद होत नाही, तो चकाकतोही. म्हणजे मूळ रंगाबरोबर रफनेसचा मॅपही, म्हणजे कुठे खरखरीत आणि कुठे चकचकीत दिसावं ते ठरवणारं चित्रही, बदलायला हवा. वैशाखातल्या आणि आषाढातल्या चिऱ्याचे दोन वेगळे मटेरियल करून बघ. एवढा एक अभ्यास मन लावून केलास तरी पोर्टफोलिओत तो उठून दिसेल, कारण असा चिरा लोकांनी फारसा बघितलेला नाही.

हे सगळं मी एवढ्या तपशिलात का लिहिलं? हिरव्या चॅनेलची गोष्ट इंटरनेटवर फुकट मिळते. कुणीही शोधली तर सापडेल. पण तू ती शोधली नाहीस, कारण भिंत चुकलीय हेच तुला दिसलं नव्हतं. अनुभवी माणसाकडे शिकायचं ते यासाठी. सॉफ्टवेअरची बटणं तो तुला शिकवेल, पण ती तू स्वतःच शिकली आहेस आणि पुढेही शिकशील. तुझ्या कामाकडे बघून ‘हे इथे बिघडलंय, यामुळे बिघडलंय, आणि यातलं हे आधी दुरुस्त कर, ते राहू दे’ असं सांगणारी नजर मात्र यूट्यूबवर मिळत नाही. फी त्या नजरेची आहे. तुझ्या कामाकडे ती नजर आठवड्यातून किती वेळ वळणार, यावर साडेचार लाख महाग की स्वस्त ते ठरतं.

आपल्याकडच्या चित्रशाळांमध्ये चतुर्थीच्या आधी हेच चालतं. पोरं माती मळतात, साच्यातून अंग काढतात, पहिला रंग देतात, आणि थोरला कारागीर येताजाता एखाद्या मूर्तीसमोर थांबून सोंडेचा वळसा बोटानं नीट करतो. शिकणं त्या थांबण्यात असतं. तो कारागीर दारावर नुसता फोटोत असेल आणि आत दुसराच कुणी असेल, तर तिथे शिकायला जाऊन काय उपयोग?

म्हणून संस्थेला विचारायचे प्रश्न असे ठरव. ‘इंडस्ट्रीतले अनुभवी’ म्हणजे कोण, त्यांची नावं काय? प्रत्यक्ष वर्गात रोज कोण येणार, की ती मोठी माणसं वर्षातून दोनदा व्याख्यान देऊन जाणार? नावं मिळाली की त्यांचं काम आर्टस्टेशन या कलाकारांच्या वेबसाइटवर बघ. कोणत्या गेममध्ये त्यांनी काय केलं ते गेमच्या श्रेयनामावलीत असतं, आणि मोबीगेम्स या वेबसाइटवर अशा नामावल्या शोधता येतात. इथे एक सावधगिरी: आपल्याकडच्या स्टुडिओंतलं बरंच काम परदेशी कंपन्यांसाठी असतं, गोपनीयतेच्या करारामुळे ते दाखवता येत नाही, आणि काही वेळा नामावलीत नुसतं स्टुडिओचं नाव येतं. त्यामुळे नाव सापडलं नाही म्हणून माणूस खोटा असं समजू नकोस. त्याचं स्वतःचं काम बघ. ते तुला जिथे पोहोचायचंय त्याच्या जवळपास आहे का, हे तुझ्या डोळ्यांना कळेल.

मग विचार, एका शिक्षकामागे किती विद्यार्थी, आणि एका विद्यार्थ्याच्या कामावर आठवड्यातून किती मिनिटं बोललं जातं. हा प्रश्न ऐकून समोरचा गोंधळला तर मला जे कळायचं ते कळतं. एखाद्या फीडबॅकच्या तासाला मागे बसून ऐकू द्या म्हणावं. चांगली माणसं याला नाही म्हणत नाहीत. दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या मुलांचे पोर्टफोलिओ माग. संस्थेने निवडून दिलेल्या दोन नावांवर थांबू नकोस, लिंक्डइनवर त्या कोर्सचं नाव टाकून स्वतः तीन-चार जण शोध आणि त्यांना साधं विचार: तुझ्या कामावर कोण बोलायचं?

‘शंभर टक्के प्लेसमेंट’ हे लेखी द्यायला सांग. कोणत्या पदावर, कोणत्या कामासाठी, हेही त्यात यायला हवं. गेमच्या चाचणीचं काम हे चांगलं आणि गरजेचं काम आहे, पण आर्टिस्ट व्हायला गेलेल्या मुलीला टेस्टरची नोकरी देऊन ती प्लेसमेंटमध्ये मोजली तर तिची फसवणूकच झाली. फी हप्त्यांनी भरता येईल असं म्हणाले तर नीट वाच. हप्ते संस्थेला द्यायचे की एखाद्या फायनान्स कंपनीचं कर्ज तुझ्या किंवा बाबांच्या नावावर चढणार? कर्ज असेल तर संस्थेला सगळे पैसे पहिल्याच दिवशी मिळतात, आणि तू तिसऱ्या महिन्यात कोर्स सोडलास तरी ईएमआय सुटत नाही. माझ्याकडे आलेल्या पत्रांतली सगळ्यांत जड पत्रं या एका गोष्टीची आहेत. त्या कागदावर सही करू नकोस.

आता तुझ्या पत्रातली एक गोष्ट सोडवून घेऊ. ‘आर्ट आणि डिझाइन’ असं तू एका दमात लिहिलंस, बरेच कोर्सही तसंच लिहितात. ही दोन वेगळी कामं आहेत आणि शिकवणारी माणसंही वेगळी. डिझायनर खेळाचे नियम ठरवतो: खेळणाऱ्याला काय करता येतं, कशाची भीती वाटते, कोणत्या वळणावर त्याला थोडं अडवायचं. लेव्हल डिझायनर तर राखाडी ठोकळ्यांचं गाव उभारून त्यात तासन्तास पळत असतो, कारण उडी जमते का, दार दिसतं का, हे रंगाआधी कळायला हवं. त्या ठोकळ्यांवर चिरा, नळे, शेवाळ चढवतो तो एन्व्हायर्नमेंट आर्टिस्ट. याशिवाय कॅरॅक्टर, कन्सेप्ट (सुरुवातीची कल्पनाचित्रं), यूआय (पडद्यावरची बटणं, मेन्यू), ॲनिमेशन, इफेक्ट्स, आणि आर्टिस्ट-प्रोग्रामर यांच्यामधला टेक्निकल आर्टिस्ट, हे सगळे वेगवेगळे लोक असतात. भाऊ खेळत असताना तू भिंती आणि उजेड बघतेस, तुझं मॉडेलही घराचं. तू एन्व्हायर्नमेंट आर्टिस्ट आहेस, असं मी ठामपणे म्हणते. निदान पहिली दोन वर्षं त्यावरच उभी राहा. सगळं थोडं थोडं शिकवणाऱ्या वर्षभराच्या कोर्समध्ये तुझ्या वाट्याला त्यातले चार महिनेही येणार नाहीत, हेही हिशेबात धर.

डिझाइनची ओढ खरी असेल तर तिला फी लागत नाही. गोडो हे इंजिन फुकट आणि मुक्त आहे. जानेवारीच्या शेवटी ग्लोबल गेम जॅम असतो, त्यात अनोळखी लोकांबरोबर थोड्या दिवसांत एक छोटा खेळ पुरा करायचा असतो. एकदा भाग घे. एकच खोली, एकच नियम, पण खेळता येईल असं काहीतरी पुरं केलंस की डिझायनर तुझ्याकडे जे ठोकळे पाठवतो ते तसे का असतात हे कळेल, आणि ते तुझ्या भिंतींना उपयोगी पडेल.

ऑनलाइन मेंटरकडे शिकायचा मार्ग मला तुझ्यासाठी जास्त बरा वाटतो. तुला पायाची गरज कमी आहे, तो कला महाविद्यालयाने घातलाय. तुला दुरुस्तीची गरज आहे. सध्या स्टुडिओत काम करणारे आर्टिस्ट आठ-दहा आठवड्यांचे छोटे वर्ग घेतात, त्यात विद्यार्थी कमी असतात आणि दर आठवड्याला प्रत्येकाच्या कामावर बोलतात. परदेशी शाळांची फी डॉलरमध्ये असते, ती रुपयांत झोंबते, पण एक वर्ग पुरा करून, मग तीन-चार महिने स्वतः काम करून, मग दुसरा वर्ग, असं केलं तर एकरकमी साडेचार लाखांचं ओझं येत नाही. वेळेचं म्हणशील तर कॅलिफोर्नियात संध्याकाळी सातला सुरू होणारा वर्ग आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसात-साडेआठला येतो, कॉलेजच्या आधी. ब्रिटनमधला संध्याकाळी सहाचा वर्ग आपल्या रात्री साडेदहा-साडेअकराला पडतो, तो तुला झेपेल का बघ. भारतातलेही कितीतरी सीनियर आर्टिस्ट आता असं शिकवतात, त्यांच्याशी मराठीत-हिंदीत मोकळं बोलता येतं आणि इथल्या स्टुडिओंना काय लागतं ते त्यांना माहीत असतं.

मात्र वर्ग सुरू व्हायच्या आधी एक काम शेवटापर्यंत नेलेलं असू दे. अर्धवट पाच कामांपेक्षा पुरं झालेलं एक बरं. तुझं घरच घे. छप्पर हलकं कर, भिंत सुलट कर, सावली पूस, शेवाळ पाण्यामागून ने. अनरिअलमध्ये सकाळचा आणि पावसातला असे दोन उजेड लाव. मग ते मेंटरसमोर ठेव. शिकायला येणाऱ्यांत मी बघत आलेय, की ज्यांच्या हातात काम असतं त्यांना दहा मिनिटांत महिन्याचं मिळतं. रिकाम्या हाताने आलेल्यांना मेंटर पुन्हा बटणंच शिकवत बसतो.

फी न देताही अनुभवी माणसांपर्यंत पोहोचता येतं. आर्टस्टेशनवर किंवा लिंक्डइनवर ज्याचं काम आवडतं त्याला लिही, पण ‘सर, मला मार्गदर्शन करा’ असं लिहू नकोस. त्या वाक्याला उत्तर देणं कठीण असतं. असं लिही: ‘मी गोव्यातल्या एका जुन्या घराचा सीन करतेय. चिऱ्याची भिंत लांबून सपाट दिसते. नॉर्मल मॅपचा जोर वाढवू की कडांना थोडी खरी खोली देऊ? सोबत एक चित्र जोडलंय.’ एक चित्र, एक प्रश्न. दहांपैकी बरेच जण गप्प राहतील, त्यांना कामाचा रेटा असतो, वाईट वाटून घेऊ नकोस. एकाने उत्तर दिलं तर त्यानं सांगितलेलं आठवड्याच्या आत करून ते नवं चित्र त्याला दाखव. बहुतेक मुलं इथेच सुटतात, आभार मानतात आणि परत येत नाहीत. जी परत येते ती लक्षात राहते. आणि कुणी चूक काढली तर ‘मी मुद्दाम तसं केलंय’ हे पहिलं वाक्य तोंडातून येऊ देऊ नकोस. लिहून घे, घरी जाऊन करून बघ, मग पटलं नाही तर राहू दे.

सॅन फ्रान्सिस्कोला दरवर्षी जीडीसी ही गेम बनवणाऱ्यांची मोठी परिषद भरते, तिथली कितीतरी भाषणं यूट्यूबवर फुकट आहेत. मोठ्या गेममधले आर्टिस्ट त्यात आपलं काम उलगडून दाखवतात. आपल्याकडे आयजीडीसी ही तशीच परिषद भरते. विद्यार्थी म्हणून एकदा तरी जा, लॅपटॉपवर काम घेऊन, आणि भाषणांपेक्षा बाहेर चहाच्या रांगेत उभी राहा.

शाळांपैकी सरकारी पर्यायही बघून ठेव. राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बंगळूर कॅम्पसमध्ये डिजिटल गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. तिथे प्रवेश परीक्षा देऊन जावं लागतं आणि त्याचा भर डिझाइनवर आहे, म्हणून तुझ्यासाठी मी तो पहिला धरत नाही, पण वर्षभराने मन तिकडे वळलं तर दार माहीत असावं.

नोकरीबद्दल खरं तेच सांगते. २०२३ आणि २०२४ या दोन वर्षांत जगभरच्या गेम कंपन्यांनी हजारो माणसं कमी केली. त्याची झळ आपल्याकडच्या कंत्राटी कामालाही लागते. चित्रं बनवून देणाऱ्या एआयमुळे कन्सेप्टची सुरुवातीची कामं आकसतायत, असं माझ्या ओळखीचे लोक सांगतात. पहिली नोकरी गोव्यात मिळेल असं धरू नकोस, पुणे, मुंबई, बंगळूर, हैदराबाद यांपैकी कुठेतरी जायची तयारी ठेव. स्टुडिओ बहुधा आर्ट टेस्ट देतात: एक वस्तू, तिची संदर्भ-चित्रं, ट्रायँगलची मर्यादा आणि मुदत. चार-पाच दिवसांची टेस्ट समजू शकते. महिनाभर फुकट राबवून घेणारी टेस्ट आली तर नम्रपणे नाही म्हण.

पोर्टफोलिओत पाच-सहाच कामं ठेव आणि त्यातलं एक तरी आपल्या मातीतलं असू दे. पुण्याच्या नॉडिंग हेड्सने २०२० मध्ये ‘राजी’ हा गेम काढला. त्यात राजस्थानातली वास्तू आहे आणि गोष्ट कठपुतळ्यांच्या सावल्यांतून सांगितलीय. देशाबाहेरच्या लोकांनीही तो आवडीने खेळला. कोकणातला पाऊस, चिरा, देवळाची दीपमाळ, नरकासुराच्या रात्रीचा वाड्यावरचा उजेड, हे तुझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मोजमाप घ्यायला टेप ने, एकाच भिंतीचा फोटो सकाळी, दुपारी, ढगाळ हवेत काढ. व्यंगचित्रकार मारियो मिरांडांची बाजारातल्या गर्दीची चित्रं पुन्हा एकदा नीट बघ: त्यातलं प्रत्येक माणूस नुसत्या बाह्यरेषेवरून ओळखता येतं. तुझ्या घरातली प्रत्येक वस्तू काळ्या रंगाने भरून टाक आणि ती ओळखू येते का ते तपास.

आईचं म्हणणं मोडीत काढू नकोस. ड्रॉइंग टीचरची जाहिरात निघाली तर अर्ज कर. शाळेची नोकरी लागली तर संध्याकाळ तुझी असते, आणि पगारातून मेंटरची फी भरता येते, एफडीला हात न लावता. मी ओळखते त्या चांगल्या आर्टिस्टांपैकी काही जण असेच दुसरी नोकरी सांभाळून वर आलेत. आईला हे असं मांडून सांग, की वर्षभर मी दोन्ही करून बघते, वर्षाच्या शेवटी पुरे झालेले तीन सीन टेबलावर ठेवते, आणि मग आपण सगळे मिळून ठरवू. बाबांना त्या एफडीचा एक लहान भाग मेंटरच्या पहिल्या वर्गासाठी माग. बाकीची तशीच राहू दे.

बंगळूरच्या संस्थेची उत्तरं समाधानकारक आली, शिक्षक रोज वर्गात आहेत, विद्यार्थी थोडे आहेत, बाहेर पडलेल्या मुलांचं काम तुला हेवा वाटावा इतकं चांगलं आहे, असं निघालं तर मला पुन्हा लिही. मग त्या कोर्सचा विचार नव्याने करू.

लॅपटॉपचं: १६ जीबी रॅम ही किमान गोष्ट, ३२ घेता आली तर उत्तम, किंवा पुढे वाढवता येईल असा बघ. वेगळं ग्राफिक्स कार्ड हवंच, त्याची स्वतःची मेमरी ८ जीबी असेल तर अनरिअल अडखळणार नाही. एसएसडी एक टीबीची घे, प्रोजेक्ट भराभर फुगतात. पडदा रंग नीट दाखवणारा असावा, पूर्ण एसआरजीबी असं लिहिलेलं असतं ते तपास. स्क्रीनवाली महागडी पेन-टॅब्लेट आत्ता नको, साधी छोटी टॅब्लेट बरीच वर्षं पुरते. जमलं तर लॅपटॉपऐवजी डेस्कटॉप घे, त्याच पैशांत जास्त ताकद मिळते आणि तू घरूनच काम करणार आहेस. पण मग त्याला यूपीएस लाव, पावसाळ्यात फोंड्याला वीज कधी जाईल सांगता येत नाही. आणि रोजचं काम संध्याकाळी दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेव.

– तुझी ताई